यूज्ड टू

हॅलिफॅक्सहून विहीणबाई विचारत होत्या,
फोनच्या चौकटीत त्यांच्यामागे बर्फाचं अंगण:
तुम्ही कपडे शिवता ना?
मी आठवडाभर घोकून ठेवलेलं,
मान ताठ करून म्हणाले,
आय यूज्ड टू स्टिच.

त्यांचा चेहरा उतरला.
ओह, म्हणाल्या. सॉरी, म्हणाल्या.
डोळ्यांकडे बोट नेऊन आणखी काही विचारलं
आणि मी हसून यस म्हणाले,
कारण यस म्हणायची मला सवय आहे.

रात्री पुष्करचा फोन:
आई, दुकान कधी बंद केलंस?
डोळ्यांचं कळवायचं तरी!
अरे, मशीनवर पाटणकरांचं ब्लाउज आहे,
एक बाही चढवलीय, एक हातात.

एका वाक्यात मी निवृत्त झाले होते
आणि दांडिया बाजारात कुणाला पत्ता नव्हता.

झरीन मॅडम वरच्या मजल्यावर राहतात.
त्यांचे जुने फ्रॉक मी उसवते,
आतली माया सोडवून लांबी वाढवते.
त्या मला बुधवारी दोन तास इंग्रजी देतात.
पैशाचा विषय दोघींनी काढलेला नाही.

त्या हसल्या नाहीत.
जुओ शालनबेन, म्हणाल्या,
तुमचं अ‍ॅम कुठे गेलं?
अ‍ॅम लावा, आणि शिवण्याला मागून आयएनजीची शेपटी,
म्हणजे सवय. आजची, चालू.
अ‍ॅम काढलंत, शेपटी कापलीत,
की सगळं होऊन गेलेलं.
शिवत असे. जात असे. राहत असे.

म्हणजे अ‍ॅम हे अस्तर, म्हटलं मी.
अस्तर नसलं की कापडातून पलीकडचं दिसतं.
असंच काहीतरी, म्हणाल्या.

आणि तो डी? लिहायचा, पण बोलायचा नाही?
हो. आणि डिड आला, की लिहायचाही नाही.
हां, कच्चा टाका! पक्की शिलाई पडली
की ओढून काढायचा.
मॅडमनी चष्मा काढला. चाळीस वर्षं शिकवतेय,
म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्याच नाहीत.

मग त्यांनी माझीच कात्री उचलली.
सीझर्स आर यूझ्ड टू कट क्लॉथ.
इथे आर आहे, अस्तर आहे,
तरी सवय नाही! नुसता वापर.
इथे झ म्हणायचा, जीभ दाताला घासून.
माझं अस्तर टराटरा फाटलं.
मी म्हटलं, ह्या कात्रीला सवय नाही कशी?
बावीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या हातात ती चालत नाही.
मॅडम म्हणाल्या, मग तसं सांगा.
मी सांगितलं:
द सीझर्स आर यूज्ड टू माय हँड.
त्यांनी वहीत बरोबरची खूण केली,
एवढी मोठी, की खालच्या ओळीवर गेली.

पुढच्या रविवारी विहीणबाईंनी पुराची बातमी पाहिलेली,
विश्वामित्रीतली मगर कुणाच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या शेजारी.
भीती नाही वाटत?
मी सावकाश, अस्तर लावून म्हणाले,
वी आर यूज्ड टू क्रोकोडाइल्स.
त्यांनी तोंडावर हात घेतला, मग खो खो हसल्या,
कुणाला तरी हाक मारून फोन दाखवला.

तेवढ्यात त्यांच्यामागून, भांडी लावता लावता,
पाठमोऱ्या पुष्करचा आवाज आला, त्या कुणाला तरी सांगणारा:
आय यूज्ड टू लिव्ह देअर.

अ‍ॅम नाही. शेपटी नाही.
डी गिळलेला, नीट.
मॅडमनी पैकीच्या पैकी दिले असते.

मी दुसरी बाही चढवायला घेतली.
कापताना मी नेहमी आत
दोन बोटं माया ठेवते,
पुढेमागे उसवून वाढवता यावं म्हणून.
त्या वाक्यात ती कुठे ठेवलेली असते,
बुधवारी विचारायचं आहे.